एका गुडघ्याच्या दोन वह्या

गुरुपाद तोडकरांनी एक कागद ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला, दुसरा उजव्या बाजूला ठेवला आणि घास न घेताच चष्मा पुसायला काढला. डावीकडचा कागद सांगत होता की झिजलेल्या गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन घेतलं की गुण येतो. उजवीकडचा सांगत होता की काडीचा उपयोग होत नाही. दोन्ही कागद इंटरनेटवरून काढलेले, दोन्ही परदेशी डॉक्टरांचे, आणि दोघांचीही भाषा अगदी ठाम.

"आधी जेवा की," रत्नव्वा म्हणाल्या. "आमटी गार व्हाय लागलीया."

"होऊ दे गार. हितं डोकं तापलंय."

डोकं गुरुपादांचं तापलं असलं, तरी गुडघा रत्नव्वांचा होता. उजवा. वर्षभर तो जिना चढताना कुरकुरत होता आणि दिवाळीपासून तर बसता-उठता "अव्वा गं!" म्हणायला लावत होता. गंगावेशीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, "आतली गादी झिजलीय. ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं घेऊन बघता येईल. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. घरात विचार करून आठवड्याभरात सांगा." डॉक्टर गावात नवे होते, नाहीतर तोडकरांना घरात विचार करायला सांगायचं धाडस त्यांनी केलं नसतं.

रत्नव्वांना घाई होती. एकुलती लेक सौंदर्या सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. बाळाला अंघोळ घालायची म्हणजे न्हाणीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर लांब करायचे, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं आणि तेल चोळून, ऊन पाणी ओतून त्याला लालबुंद करायचं. रत्नव्वांनी भावाची दोन आणि शेजारणींची पाच पोरं अशी पायावर घेतली होती. आता पहिल्या नातवंडाला दुसऱ्याच कुठल्या बाईनं पायावर घ्यायचं, हा विचारही त्यांना सोसवत नव्हता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, भावाला सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, लिहून मात्र कुणी घेतलं नाही.

खरं तर लिहून घेण्यात गुरुपादांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी एकतीस वर्षं कास्टिंग तपासली होती. लॉट आला की पंचवीस नग उचलायचे, माप बघायचं गेज लावायचं, चांगल्याला हिरवी खूण, वाईटाला लाल फुली, आणि शेवटी निकाल सांगायचा, लॉट पास किंवा लॉट रिजेक्ट. २००२ साली निवृत्त झाले, त्याला तीन वर्षं झाली, पण हात काही थांबले नव्हते. मंडईत ते पाटीतली पाच वांगी उचलून बघत आणि एकात कीड निघाली की सगळी पाटी रिजेक्ट करत. भाजीवाल्या त्यांना लांबून बघूनच पाटीवर पोतं टाकत.

डावीकडचा कागद त्यांच्या भाच्यानं, शशिधरनं दिला होता. तो बेळगावला हाडांचा डॉक्टर व्हायला शिकत होता. "मामा, हा एकट्यादुकट्याचा अनुभव नाही," त्यानं सांगितलं होतं. "बावीस ठिकाणी पेशंट तपासले, त्या बाविसांचे आकडे एकत्र केले आणि मग निष्कर्ष काढला." बावीस लॉट आणि एक निकाल! गुरुपादांचं मन भरून आलं. "आणि वंगणाचंच काम हाय की," ते म्हणाले. "वंगण घातल्यावर कुठलं बेअरिंग कुरकुरतंय?"

उजवीकडचा कागद घेऊन त्याच संध्याकाळी रत्नव्वांचा धाकटा भाऊ आला होता आणि जेवायला थांबला होता. सोमशेखरचे कबनूरला यंत्रमाग होते. तिथल्या खडखडाटात बोलायची सवय लागल्यामुळं तो घरातही ओरडूनच बोलायचा. त्यातून त्याला सुईची भीती होती, दुसऱ्याच्या अंगात जाणाऱ्या सुईचीसुद्धा. त्यानं इचलकरंजीतल्या सायबर कॅफेत दोन तास बसून आपला कागद मिळवला होता.

"दाजी, ह्यात बी वीस ठिकाणचं एकत्र केलंय! निकाल काय? शून्य! माझ्या अक्काच्या पायात उगंच सुई घालू देणार न्हाय मी!"

जेवण झाल्यावर गुरुपादांनी दोन्ही कागदांच्या शेवटी दिलेल्या याद्या समोरासमोर ठेवल्या, पेन्सिल घेऊन एकेक नाव जुळवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. विसातली सतरा नावं दोन्हीकडं तीच होती.

"म्हंजे माल एकच!" ते म्हणाले. "एकानं पास केला, एकानं रिजेक्ट केला. आमच्या फौंड्रीत असं झालं असतं तर दोघातल्या एकाला घरी बसवला असता."

त्यांनी लगेच बेळगावला फोन लावला. शशिधर शांतपणे म्हणाला, "मामा, असं होतं. कुणी पाचव्या आठवड्याला विचारतं, कुणी सहा महिन्यांनी. कुणी दुखणं मोजतं, कुणी चालणं. ज्यांना चांगला निकाल मिळाला नाही, त्यातले काहीजण तो छापतच नाहीत. मग एकत्र करणारा काय घेतो आणि काय सोडतो, त्यावर बेरीज फिरते."

"म्हंजे परत्येकाचं गेज येगळं?"

"तसंच म्हणा."

"मग ह्याला काय अर्थ हाय? मीच करतो. एक गेज, एक वही, पंचवीस नग. समदे आपल्या भागातले."

"एकटं कशाला?" सोमशेखर ओरडला. "तुमी पास करायचं मनात धरूनच निघणार! मी बी वही घालतो. पंचवीस तुमचे, पंचवीस माझे. सहा आठवड्यांनी दोन्ही वह्या एकत्र करू, आणि जे निघंल ते अक्कानं ऐकायचं!"

"ठरलं!"

"आणि माझं काय?" रत्नव्वांनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"तू निवांत बस," दोघं एकदमच म्हणाले.

"बसाय येत न्हाय म्हणून तर बोंब हाय की वो!" रत्नव्वा म्हणाल्या. पण तोवर दोघंही नव्या वह्या आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते.

गुरुपादांचा पहिला नग होता ज्ञानू वस्ताद. तालमीच्या कट्ट्यावर वस्ताद बसले होते आणि भोवती सातआठ चेले मातीचे हात झटकत उभे होते.

"वस्ताद, इंजेक्शन घेतल्यावर गुडघ्याला गुण आला का?"

वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "पावणं, गुडघा न्हवं, पोलाद हाय ते! दुखणं कसलं घेऊन बसलाय?"

गुरुपादांनी हिरवी खूण केली. चार दिवसांनी सोमशेखर त्याच वस्तादांच्या घरी गेला. वस्ताद तालमीत होते आणि त्यांच्या पत्नी शालूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. "गुण?" त्या म्हणाल्या. "घरात आलं की नुसतं कण्हत असत्यात. तेल चोळून चोळून माझी बोटं गेली. तालमीत तेवढा मिशीला पीळ." सोमशेखरनं शालूबाईंच्या नावापुढं लाल फुली मारली. वस्ताद एक, गुडघा एक, पण तो एका वहीत हिरवा आणि दुसऱ्या वहीत लाल झाला. दोघांनाही याचा पत्ता नव्हता.

दोघांच्या धंद्यांनीही आपापलं काम केलं. फौंड्रीत थोडं कमीजास्त चालवून घ्यायची रीत, त्यामुळं कुणी "आधी बारा आणे दुखायचं, आता चार आणे दुखतंय" म्हणालं की गुरुपाद खूश होऊन विचारत, "जिना चढतोय न्हवं? मग पास!" सोमशेखरकडं कापडाचा कायदा. ताक्यात एक डाग दिसला की अख्खा ताका बाजूला. "चार आणे दुखतंय की न्हाय? मग डाग हायच!" म्हणून तो फुली मारून मोकळा होई.

बायडाबाईची गंमत तर याहून पुढची. शाहूवाडीकडचा तांदूळ घेऊन ही बाई दर आठवड्याला गल्लीत यायची. तिनं मागच्या वर्षी एका गुडघ्यात इंजेक्शन घेतलं होतं आणि त्याची कहाणी शंभर दारांत सांगितली होती. गुरुपादांना एकानं सांगितलं, तांदूळवाल्या बाईला गुण आलाय. दुसऱ्यानं सांगितलं, चिमणाबाईची विहीण आता तुरुतुरु चालते. तिसऱ्यानं सांगितलं, एक म्हातारी रिक्षातून स्वतः पोतं उतरवते. गुरुपादांनी तीन हिरव्या खुणा केल्या. तिन्ही बायडाबाईच होती. आणि पाचगल्लीतल्या ज्या गृहस्थांनी "गुडघ्याचं नाव काढलासा तर तंगडं मोडीन" म्हणून दार आपटलं, त्यांच्यापुढं गुरुपादांनी "माहिती मिळाली नाही" असं लिहिलं आणि त्यांना मोजलंच नाही.

पहिला आठवडा संपायच्या आत त्यांनी डॉक्टरांच्या जोतीराम कंपाउंडरलाही गाठलं. जोतीराम आधी डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "एक बाई हायती. वय अठ्ठावन्न. नाव इचारू नगासा, शपथ घातलीया."

"नावाशी मला काय करायचंय? गुण आला का तेवढं बोल."

"पयलंच इंजेक्शन झालंय परवा. पाय सुजलाय वो. डोळ्यात पाणी आलतं बिचारीच्या."

गुरुपादांनी 'बाई, ५८' असं लिहून लाल फुली मारली. अशा कळवळणाऱ्या बाईच्या घरची माणसं कुठं असतात कोण जाणे, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. पुढं महिन्याभरानं सोमशेखरनंही त्याच जोतीरामला चहा पाजला. तोवर त्या बाईंची तिन्ही इंजेक्शनं झाली होती. "अठ्ठावन्न वर्षाच्या एक बाई हायती," जोतीराम म्हणाला. "परवा जिना उतरल्या, कठड्याला हात लावला न्हाय." सोमशेखर नाइलाजानं हिरवी खूण करून परतला.

घरात मात्र गुरुपादांना एकच गोष्ट खटकली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लाल भोपळा बरेच दिवस होता आणि तो कापला जात नव्हता. एकदा त्यांनी सवयीनं उचलून बघितला. देठाशी ओलसर, अंगाला चकाकी, आणि वास खोबरेल तेलाचा आणि बेसनाचा.

"हा भोपळा कापत का न्हाईस?"

"पिकाय ठेवलाय."

"आणलास तवाच पिकला होता की."

"तुमी गुडघं बगा. भोपळ्याचं मी बगतो," रत्नव्वा म्हणाल्या. एरवी गुरुपादांनी हा नग असा सोडला नसता, पण त्या दिवशी त्यांना उत्तरेश्वर पेठेत दोन गुडघे बघायचे होते.

चौथ्या आठवड्यात सगळा घोळ झाला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं, हातात वही, आणि हा माणूस दारोदार गुडघ्यांची चौकशी करतो म्हणजे तो नक्कीच सरकारी माणूस आहे, असं गावानं ठरवलं. हां हां म्हणता बातमी पसरली की तोडकर साहेब अपंगाचा दाखला देणार आहेत. मंगळवारी सकाळी गुरुपादांनी दार उघडलं तर पायऱ्यांवर चौदा माणसं लंगडत उभी. एकजण तर सायकलवरून आला, सायकल स्टँडला लावली आणि तिथून पुढं लंगडायला लागला.

"इंजेक्शन घेतलंय का?"

"घेतलंय की सायेब!"

"गुण?"

"कसला गुण? उलटा वाडलाय! ह्यो बगा, वाकतच न्हाय!"

गर्दीत ज्ञानू वस्तादही होते. हातात काठी. "वस्ताद, तुमचा तर पोलाद होता," गुरुपाद म्हणाले. वस्तादांनी आवाज खाली आणला. "तवा पोरं हुती की वो भवतीनं." गुरुपाद प्रामाणिक माणूस. माणूस स्वतः येऊन दुखतंय म्हणतो तर लिहायलाच हवं, म्हणून त्यांनी हिरवी खूण खोडून लाल फुली मारली. दुपारपर्यंत वही लालेलाल झाली.

कबनूरला नेमकं उलटं घडलं. सोमशेखर शेठ इंजेक्शनची चौकशी करतायत म्हणजे त्यांनी एजन्सी घेतली, आणि ज्यांना गुण आलाय त्यांना पुढची इंजेक्शनं फुकट मिळणार, असं मागवाल्यांत ठरलं. जो तो येऊन सांगायला लागला, "शेठ, लई गुण! मागावर पळत येतोय मी!" "अरं, मी इंजेक्शनच्या विरोधात हाय!" सोमशेखर ओरडला. पण चोवीस मागांच्या खडखडाटात विरोध कुणाला ऐकू येणार? त्याची वही हिरवीगार झाली.

ठरलेल्या रविवारी तोडकरांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, सगळे जमले. सौंदर्या दिवस भरत आल्यामुळं माहेरी आली होती आणि भिंतीला पाठ लावून बसली होती. शशिधर बेळगावहून मुद्दाम आला होता. गुरुपादांनी वही उघडली आणि घसा खाकरला.

"नऊ पास," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "सोळा रिजेक्ट."

सोमशेखरनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला. "माझ्यात सतरा चांगले. आठ डागी."

दोघांनी एकमेकांच्या वह्यांत डोकावून बघितलं. मग गुरुपाद ताठ झाले. "वही खोटं बोलत न्हाय. इंजेक्शन द्यायचं न्हाय!"

"द्यायचं म्हंजे द्यायचं!" सोमशेखरचा आवाज जागेवर आला. "माझी वही सांगतीया! मी सोता अक्काचा हात धरून बसतो!"

"तुला सुईची भीती वाटतीया की रं!"

"सतरा माणसांम्होरं माझ्या भीतीचं काय घेऊन बसलाय?"

"अप्पा," सौंदर्या म्हणाली, "सहा आठवड्यांमागं तुमी दोघं ह्याच्या बरोबर उलटं भांडत होतासा."

"तवा हातात माहिती नव्हती!" दोघं एकदम म्हणाले.

"दोन्ही एकत्र करायचं ठरलंय न्हवं? करा की मग," सोमशेखर म्हणाला. गुरुपादांनी बेरीज केली. पास सव्वीस, रिजेक्ट चोवीस. "दोननं का हुईना, पास! उद्याच जाऊया!" सोमशेखरनं मांडीवर थाप मारली.

"एक मिनिट मामा," शशिधर म्हणाला. दोन्ही वह्या मांडीवर घेऊन तो नावं जुळवत होता. "ही तांदूळवाली बाई, ही चिमणाबाईंची विहीण आणि ही पोतं उतरवणारी म्हातारी, तिघींचा पत्ता एकच कसा?"

गुरुपादांनी वही ओढून घेतली, बघितली, आणि कपाळाला हात लावला. दोन हिरव्या खुणा कमी झाल्या. पास चोवीस, रिजेक्ट चोवीस.

"बरोबरी!" सोमशेखर हताश होऊन म्हणाला. "आता काय करायचं?"

"अजून हे बघा," शशिधर पुढं म्हणाला. "ही एक नाव नसलेली बाई. जोतीरामनं सांगितलेली, वय अठ्ठावन्न. दोन्ही वह्यांत आहे. मामांकडं लाल, काकांकडं हिरवी."

गुरुपादांचे डोळे चमकले. "बास! हा नग हितं मागवून घ्यायचा. समोर उभा करायचा. दोघांनी मिळून एकदाच तपासायचा. त्या बाईला गुण असंल तर पास, नसंल तर रिजेक्ट. हाय कबूल?"

"कबूल!"

गुरुपाद फोनकडं गेले. "जोतीरामला सांगतो, शपथ गेली खड्ड्यात, त्या बाईला घेऊन ये."

"त्याला कशाला तरास देताय?" स्वयंपाकघरातून रत्नव्वांचा आवाज आला. "ती मीच हाय."

गुरुपादांनी फोन खाली ठेवला.

"कवा?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"तुमी वस्तादांच्या तालमीत गेलतासा, त्याच दिवशी पयलं घेतलो. बायडाबाई आलती रिक्षात संगं."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगायला तुमी घरात हुतासा कुटं?" रत्नव्वा पदराला हात पुसत दारात आल्या. "डॉक्टर म्हणालं आठवड्यात सांगा. तुमी म्हणालासा सहा आठवडं. बाळ थांबतंय व्हय तुमच्या वहीसाठी?"

सोमशेखर आधी सावरला. त्यानं पेन्सिल उचलली. "अक्का, दुखतंय का?"

"जिना चढतीस का?" गुरुपादांचीही पेन्सिल वर आली.

"दुखतंय का, जिना चढतीस का!" रत्नव्वा भडकल्या. "मला कशासाठी पायजे हुतं, ते इचारलंय का कुणी? या इकडं."

त्यांनी कोपऱ्यातला लाल भोपळा उचलून कडेवर घेतला आणि न्हाणीत गेल्या. दाराशी चौघांची गर्दी झाली. रत्नव्वांनी पाट मांडला, भिंत धरली, एकदा "अव्वा गं" म्हणाल्या आणि खाली बसल्या. दोन्ही पाय समोर लांब केले. भोपळा नडग्यांवर पालथा घेतला, त्याच्या पाठीला तेल चोळलं, बेसन लावलं, कोमट पाण्याचा तांब्या ओतला. मग मानेला हात द्यावा तसा देठाला हात देऊन त्याला अलगद उताणा केला.

"रोज दुपारी घालतोय अंघोळ," त्या म्हणाल्या. "तीन किलोचा हाय. सौंदर्या जल्मली तवा तेवढीच हुती."

सौंदर्या हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. गुरुपादांना मात्र हसू आलं नाही. गावातले पंचवीस गुडघे त्यांनी विचारून घेतले होते, आणि घरातली बाई परक्या बाईच्या सोबतीनं जाऊन सुई टोचून आली होती. तिचे कळवळणारे डोळेसुद्धा त्यांनी वहीत लाल फुलीनं मांडले होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"सुई घालताना लई दुखलं?" त्यांनी हळूच विचारलं.

रत्नव्वांनी भोपळा बाजूला ठेवला. "दुखलं की," त्या म्हणाल्या. मग जरा नरमल्या. "एवढं इचाराय सहा आठवडं लावलासा बगा."

शशिधर दारातून वाकून म्हणाला, "मामी, पण गुण इंजेक्शनचाच ना?"

"मला काय म्हाईत? इंजेक्शन घेतलो, निर्गुडीचा शेक घेतलो, बायडाबाईनं दिल्यालं तेल लावलो, आणि रोज भोपळा धुतलो. कशाचं किती, ते तुमी शिकल्याली माणसं बगा. आता उठवा मला."

त्यांनी दोन्ही हात वर केले. एक गुरुपादांनी धरला, एक सोमशेखरनं धरला, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं.

"बघितलास?" गुरुपाद म्हणाले. "पास!"

"हात द्याय लागला न्हवं?" सोमशेखर म्हणाला. "डाग हाय!"

शशिधर उंबऱ्यावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "मामा, त्या दिवशी फोनवर मी हेच सांगत होतो."

बारा दिवसांनी सौंदर्याला मुलगी झाली. पावणेतीन किलो. गुरुपादांनी तिला हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, भोपळ्यापेक्षा हलकी हाय, पण माल नंबर एक. नाव अवनी ठरलं. भोपळ्याचं काम संपलं होतं, म्हणून रत्नव्वांनी तो कापला आणि घारगे केले. एवढी चोळचोळ होऊनही तो चवीला गोड लागला.

अवनी घरी आली त्या सकाळी रत्नव्वा न्हाणीत पाय लांब करून बसल्या आणि नात नडग्यांवर घेतली. नातीनं आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा सूर लावला. सोमशेखरही भाचीची मुलगी बघायला कबनूरहून आला होता, त्यामुळं आवाजाला आवाज मिळत होता.

"पाणी कोमट हाय!" रत्नव्वा आतून ओरडल्या. "बंबात काय तर घाला की! पोरगी गारठती!"

लाकडं संपली होती. गुरुपादांनी इकडं तिकडं बघितलं आणि फळीवरची आपली वही काढली. सोमशेखरनं एक क्षण विचार केला आणि पिशवीतून आपलीही काढली. तीही त्यानं अजून सोबत बाळगली होती. पानं टराटरा फाडून दोघांनी ती बंबात घातली. हिरव्या खुणा, लाल फुल्या, वस्ताद, बायडाबाई तीनदा, सगळं एकत्र झालं, आणि दोन्ही वह्या मिळून पहिल्यांदाच एक निष्कर्ष निघाला. पाणी तापलं.

रत्नव्वांनी घंगाळात कोपर बुडवून बघितलं.

"आता पास!" त्या म्हणाल्या, आणि नातीच्या पाठीवर पहिला तांब्या ओतला.